मागचं फाटक

घुम्याला घुम्या हे नाव त्याच्या आईनंच ठेवलं. लहानपणी पडला, झडला, शाळेत मार खाऊन आला, तरी घरी तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, पण नाव काही सुटलं नाही. कंपनीच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. मालाच्या थप्प्या दोन लोखंडी दांड्यांवर उचलायच्या, अरुंद बोळांतून अलगद न्यायच्या आणि उंच मांडणीवर चढवायच्या, यात बोलायचं काम फारसं नसतंच. तेव्हा माणूस कामाला आणि काम माणसाला, दोघं एकमेकांना शोभत होती.

ही नोकरी त्याला बायकोच्या थोरल्या भावानं लावून दिली होती. भाऊ गोदामाचा सुपरवायझर. त्याला सगळे दादा म्हणत; घुम्याची आईसुद्धा, वयानं मोठी असून. वडील लवकर गेले, तेव्हा या दादानं शाळा सोडली, हमाली केली, फोर्कलिफ्ट चालवली आणि धाकट्या बहिणीला शिलाई मशीन घेऊन देऊन, तिचं लग्न लावून, मगच स्वतःच्या संसाराकडे बघितलं. बहिणीच्या लेखी दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घुम्याही त्याला मानायचा. अन्नदाता म्हणा ना.

त्या वर्षी महागाईनं आधी साखर धरली, मग डाळ, आणि मग येऊन बसली ती तेलाच्या मानगुटीवर. आज एक भाव, उद्या दुसरा. दुकानदाराला विचारावं तर तो वर बोट दाखवायचा. पुढे पुढे तर भाव विचारायचीही सोय राहिली नाही, कारण तेलच मिळेना. कंपनीची स्वतःची मोठी दुकानं होती शहरभर. तिथल्या फळ्या रिकाम्या आणि फळीवर छापील पाटी, ‘आवक बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ कंपनीचे मोठे साहेब बातम्यांत हात जोडून सांगत, जहाजं अडकली आहेत, आम्हीही तोटाच सोसतो आहोत.

“तोटा?” घुम्याची आई म्हणाली. भाजी निवडायला पसरलेल्या वर्तमानपत्रावर देठं बाजूला सारून ती वाचत होती. “इथं तर लिहिलंय, कंपनीचा नफा दुपटीनं वाढला. असला तोटा मलाही शिकवा म्हणावं.”

घरात चार तोंडं आणि एक पगार. बायको घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची, त्याची भर. आता तिनं मशीनवरचे तास वाढवले. मुलीचं रोजचं अंडं एक दिवसाआड झालं. आईनं चहातली साखर सोडली आणि वर ऐट अशी की, वैद्यानंच सांगितलंय. वैद्याला भेटून तिला वर्ष झालं होतं. कांदा पाण्यावर परतायचा, मग वरून चमचाभर तेल फिरवायचं.

“भाजीला तेल घातलंस, की नुसतं दाखवलंस गं?” सासू विचारायची.

“दाखवलं पण नाही. नाव तेवढं ऐकवलं,” सून म्हणायची, आणि दोघी हसायच्या. घुम्या मान खाली घालून जेवायचा. त्याला हसू यायचं नाही. घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

कारण गोदाम तेलानं भरत चाललं होतं.

ट्रक येत होते आणि रिकामे होऊन जात होते. भरून एकही बाहेर पडत नव्हता. आधी तेलाचे ठरलेले बोळ भरले. मग साबणाचे बोळ मोकळे करून तिथं तेल आलं. मग मांडणीचा सगळ्यात वरचा मजला, जिथं छपराचा पत्रा हाताला लागावा इतका जवळ, तोही भरला. शेवटी कामगार जिथं डबे खायला बसत, तो कोपरासुद्धा गेला. लोक थप्प्यांना टेकून उभ्यानं जेवायला लागले. दादा खिशातला फोन काढून बाजूला जायचा, ‘हो साहेब, हो साहेब’ करायचा आणि परत येऊन एवढंच सांगायचा, “अजून थांबायचंय. भाव चढेपर्यंत.” मग सगळ्यांना गोळा करून एकदा म्हणाला, “इथलं इथंच राहील. घरी बायकोच्या कानावरसुद्धा जाता कामा नये. ज्याचं तोंड सुटेल, त्याची नोकरी सुटेल.” हे बोलताना त्यानं घुम्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याबद्दल त्याला घोर नव्हता.

एकदा बायकोनं जेवताना विचारलं, “अहो, तुमच्याकडे येत नाही का हो तेल?”

घुम्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिनं ती ‘नाही’ अशी घेतली आणि विषय संपला.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात थोडे डबे आल्याची आवई उठली. बायको मशीनवरून तशीच उठली, पिशवी घेतली आणि धावली. रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. दुपार कलंडली तेव्हा कुठं ती शटरजवळ पोचली. तेवढ्यात दुकानदारानं शटर खाली ओढायला सुरुवात केली आणि मागून सगळी रांग पुढे कोसळली. ती पडली. तिच्यावर आणखी कोण कोण पडलं. उजवं मनगट खाली राहिलं.

शेजारणीनं गोदामात फोन केला तेव्हा घुम्या सगळ्यात वरच्या मजल्यावर तेलाची थप्पी चढवत होता. तो तसाच दवाखान्यात गेला. बायकोचा हात प्लास्टरमध्ये, चेहरा कागदासारखा. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने मशीनला हात लावायचा नाही, आणि पुढेही जपून.

“माझ्यापुढं दोघीच होत्या हो,” ती म्हणत होती. “दोघीच. आणखी जरा थांबला असता तो...”

घुम्या तिच्या पायाशी बसून राहिला. आपल्या कपड्यांना तेलाचा वास येतोय असं त्याला वाटायला लागलं. वास येत नव्हता. डबे सीलबंद असत. तरी त्यानं स्टूल जरा मागे सरकवलं.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी दादा बहिणीला बघायला आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. दार लावून घेऊन त्यानं ते जमिनीवर ठेवलं आणि गोणपाट सोडलं. आत तेलाचा मोठा डबा होता, कोरा करकरीत, सीलसकट.

आईनं हात जोडले. “देवासारखा आलास रे बाबा.”

बायकोचाही चेहरा उजळला. डाव्या हातानं तिनं डब्याच्या पत्र्यावरून बोटं फिरवली. मग बोटं थांबली.

“दादा, कुठं मिळाला?”

“मिळाला. ओळखी असतात आपल्या.”

“ओळखीनं मिळतो होय? सबंध शहरात कुणाला मिळत नाही, आणि तुला डबाच्या डबा?”

“चिमणे, तू खा ना बाई. आंबे खावेत, झाडं कशाला मोजतेस?”

“मी कुठलं झाड म्हणून नाही विचारत. कुठल्या कुंपणातलं ते विचारतेय.” ती आता भावाकडे बघत नव्हती. तिचे डोळे नवऱ्यावर होते. घुम्या फरशीकडे बघत होता. फरशीला एक चीर होती. तिचं एक टोक डब्याखाली गेलेलं.

“अहो.”

त्यानं पायाचा अंगठा त्या चिरेवर ठेवला.

“अहो, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत.”

घुम्यानं वर पाहिलं. दादानं डोळ्यांनी त्याला दटावलं. पण प्लास्टरमधून बाहेर आलेली बायकोची सुजलेली बोटं त्याच्या समोरच होती.

“छपरापर्यंत भरलंय,” तो म्हणाला. “जेवायलाही जागा उरली नाही.”



“घुम्या!” दादा उठून उभा राहिला. “अरे, तूसुद्धा?” मग बहिणीकडे वळून तो भराभर बोलायला लागला. “हे बघ, मी कोण आहे? वरून फोन येतो, मी ऐकतो. मी नाही म्हटलं तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरा बसेल, आणि तेल तिथंच राहील. त्या गोदामावर किती घरं चालतात माहीत आहे? तुझंही चालतं. तुझ्या मुलीची शाळा चालते. मी काय माझ्या घरात नेऊन भरलंय का?”

“नाही. माझ्या घरात आणलंस,” ती म्हणाली. “माझा हात मोडला म्हणून. हात धड असता तर आणला नसतास.”

दादा गोणपाट उचलून त्याची घडी घालायला लागला.

“आधी तो डबा आत घ्या,” आई मधे पडली. “भांडायचं तर भांडा, पण तेलावर कशाला राग?”

“घेते, आई,” बायको म्हणाली. पण ती डबा आत नेईना. डाव्या हातानं कडी धरून तिनं तो दाराकडे ओढायला सुरुवात केली. पत्रा फरशीवर करकरत गेला. घुम्या मदतीला उठावं का या विचारात अर्धवट उभा राहिला, आणि मग उठलाच. दोघांनी मिळून डबा बाहेर जिन्याच्या चौकात ठेवला.

“ताई! काकू! वाट्या घेऊन या गं!” तिनं जिन्याच्या वर आणि खाली हाक मारली. “तेल आलंय!”

दारं उघडली. दोन मजल्यांवरच्या बायका पातेली, वाट्या, बाटल्या घेऊन आल्या. घुम्यानं पेचकसानं सील फोडलं आणि वाटायला बसला. कुणाच्या भांड्यात कमी नाही, कुणाच्या जास्त नाही. आई दारात उभी राहून ‘आपल्याला ठेव रे, आपल्याला ठेव’ पुटपुटत होती आणि तिनंच मग खालच्या आजारी बाईसाठी वाटी पुढे केली.

खालच्या मजल्यावरची नर्स नुकतीच ड्युटीवरून आली होती, गणवेशातच. तिनं बाटली भरून घेतली आणि विचारलं, “मिळालं कुठून गं?”

सगळ्या थांबल्या. दादा चौकटीत उभा होता, गोणपाटाची घडी हातात. बहिणीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग नर्सकडे वळून सरळ सांगितलं.

“आमच्या ह्यांच्या गोदामातून. तिथं छपरापर्यंत भरलंय. भाव चढायची वाट बघतायत.”

दादा जिना उतरून गेला. बायका भिंतीला लागून त्याला वाट देत होत्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं, असं त्याच्या पाठीकडे बघताना घुम्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर निघाला तेव्हा ती दाराशी आली.

“जाऊ नका असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “घर आहे, मुलगी आहे. पण आज तिथं काय उचलायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. दादावर ढकलू नका.”

बातमीला पाय फुटतात म्हणतात. हिला चाकं लागली होती. नर्सनं रात्रीतून कुणाकुणाला फोन केले होते. घुम्या पोचला तेव्हा पुढच्या फाटकासमोर माणसं जमली होती, बायका जास्त. रखवालदारानं त्याला बाजूच्या छोट्या दारातून आत घेतलं.

आत मुख्य कचेरीतले साहेब आले होते. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. “घाबरायचं कारण नाही,” ते सगळ्यांना सांगत होते. “दुपारपर्यंत पुरवठा खात्याची माणसं येतील, त्यांचं काम करतील. त्याआधी आपल्याला थोडा माल हलवायचा आहे, बस. मागच्या फाटकाला ट्रक लागले आहेत. शहराबाहेर दुसरी जागा घेतली आहे. आज सगळ्यांना जेवण कंपनीकडून.”

दादाचे डोळे लाल होते. तो घुम्याजवळ आला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, “गाडी काढ.”

घुम्यानं गाडी काढली. पहिला ट्रक त्यानंच भरला. हे सांगायला हवं, कारण पुढे लोक त्याचं कौतुक करायला लागले तेव्हा तो स्वतः आधी हेच सांगायचा. त्यानं थप्पी उचलली, नेली, ठेवली. उचलली, नेली, ठेवली. हातांना सवय होती. ट्रक भरला, ताडपत्री बांधली, आणि मागच्या फाटकातून तो डावीकडे वळून दिसेनासा झाला.

दुसऱ्या ट्रकसाठी पहिली थप्पी घेऊन तो मधल्या बोळातून येत होता. तिथून गोदामाच्या आरपार पुढचं फाटक दिसायचं. गजांपलीकडे चेहरेच चेहरे, आणि त्यांच्यात एक पांढरा हात, गळ्यात बांधलेला. ती ओरडत नव्हती. नुसती आत बघत होती. एवढ्या लांबून तिला तो दिसला असेल, असं नाही.

घुम्या मागच्या फाटकापर्यंत गेला. दोन खांबांच्या बरोबर मधे गाडी आणली. दांड्या हळूच खाली सोडल्या, थप्पी जमिनीला टेकवली, दांड्या निम्म्या बाहेर येतील एवढी गाडी मागे घेऊन बंद केली. चावी काढून खिशात टाकली आणि खाली उतरला. ट्रकला आत यायला वाट राहिली नाही आणि बाहेर जायलाही.

“बंद पडली का?” साहेबांनी लांबून विचारलं.

“नाही. मी बंद केली.”

साहेब जवळ आले. अजूनही हसतच होते. “काय अडचण आहे? पैशांची आहे का? बोला ना.”

“दुकानात न्यायचा असेल तर भरतो,” घुम्या म्हणाला. “सगळा भरतो. सुट्टी न घेता भरतो.”

साहेबांचं हसू मावळलं. “दुसरा ड्रायव्हर बोलवा.”

दुसऱ्या फोर्कलिफ्टवर लांब्या होता, हडकुळा, उभा ताड. तो आपल्या सीटवर बसला, खटखट बटणं दाबल्यासारखी केली आणि म्हणाला, “बॅटरी उतरली साहेब.” ती रात्रभर चार्जिंगला होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हमाल एकेक करून थप्प्यांना टेकले.

साहेब दादाकडे वळले. आवाज आता मऊ नव्हता. “जादा चावी तुमच्या केबिनमध्ये असते ना? आणि गाडी तुम्हालाही येते. एवढ्या वर्षांची नोकरी आहे तुमची. विचार करा.”

दादा केबिनमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा चावी हातात होती. घुम्याच्या समोरून तो सीटवर चढला, चावी लावली. यंत्रानं गुणगुण सुरू केली. घुम्या पुढे झाला आणि दोन दांड्यांच्या मधे, थप्पीला पाठ लावून उभा राहिला.

“सरक.”

“नाही दादा.”

“अरे सरक! माझ्या घराचं वाटोळं करायला निघालास का? काय वाईट केलं मी तुझं?”

“काही नाही. भलंच केलंस.” घुम्यानं पाठ थप्पीला आणखी दाबली. “पण तिचा हात मोडला ना, त्या घटकेला मी वर तेलच चढवत होतो. ती खाली रांगेत, आणि मी वर. आता परत तेच उचलायला सांगू नकोस. माझ्यानं ते होत नाही.”

दादानं भोंगा दाबला. एकदा. मग दाबूनच धरला. पत्र्याचं छप्पर दणाणून गेलं. घुम्यानं डोळे मिटले. दांड्या वीतभर वर आल्या. थप्पी हलल्याचं त्याच्या पाठीला कळलं. वर कुठंतरी डब्यावर डबा घासला. कुणीतरी हमाल ‘दादा!’ म्हणून किंचाळला.

मग भोंगा थांबला. दांड्या परत खाली बसल्या. घुम्यानं डोळे उघडले तेव्हा दादा सीटवर बसलेला होता, दोन्ही हात मांडीवर, आणि तोंड भिंतीकडे.

“काय करताय काय?” साहेब ओरडले.

“मला येत नाही आता,” दादा म्हणाला. “सुटली सवय.”

तो खालीही उतरला नाही आणि गाडीही हलवली नाही. पुरवठा खात्याची माणसं आली तेव्हा तसाच बसलेला होता.

लोकांना वाटतं गोष्ट इथं संपली. खरी घालमेल पुढे होती. दोन दिवसांत तेल दुकानांत दिसायला लागलं. कंपनीनं पत्रक काढलं की, हा साठा सुपरवायझरनं परस्पर केला, वरिष्ठांना कल्पनाही नव्हती. फोनवरच्या हुकमाला पुरावा कुठला? दादाला निलंबित केलं, त्याच्यावर गुन्हा नोंदवला. घुम्याला बेशिस्तीच्या नावाखाली घरी बसवलं. लांब्या मात्र राहिला; बॅटरी उतरणं हा काही गुन्हा नव्हे.

बायको भावाच्या घरी गेली. वहिनीनं दार फटीएवढंच उघडलं. “आता काय न्यायला आलात, वन्सं?” एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं. ती घरी आली आणि डाव्या हातानं मुलीची वेणी घालायला बसली. वेणी काही केल्या जमेना. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. “मी कंपनीबद्दल बोलले होते हो,” ती म्हणत राहिली, “पडलं मात्र माझ्या भावावर.” घुम्यानं तिच्या हातून फणी घेतली आणि उरलेली वेणी घातली. वाकडी झाली. मुलगी तशीच शाळेत गेली.

पंधरवड्यानं एका दुपारी दादा आला. दाढी वाढलेली. आत आला पण बसला नाही.

“ते साहेब घरी येऊन गेले,” तो म्हणाला. “म्हणतात, गुन्हा अंगावर घे, गप्प राहा. वकील आम्ही देतो, फार तर थोडे महिने. घरचं आम्ही बघतो.” तो घुम्याशी बोलत होता, बहिणीकडे अजून त्याचं तोंड वळत नव्हतं. “तुला काय वाटतं?”

घुम्या विचार करत होता, तेवढ्यात बहीणच बोलली. “घरचं आम्ही बघतो म्हणतात? ते घरं कशी बघतात, हे मी रांगेत उभं राहून बघितलंय, दादा.”

आईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. “बस रे,” ती म्हणाली. “उभ्यानं असले निर्णय होत नसतात.”

दादा बसला. पाणी प्याला. बराच वेळ तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग घुम्याला म्हणाला, “जबाब द्यायचा तर मला एकट्याला कोण विचारतंय? तू येशील?”

“येतो,” घुम्या म्हणाला. “आणि लांब्यालाही विचारू. फोनवर तू साहेब साहेब करायचास, ते त्यानंही ऐकलंय.”

तिघांनी जबाब दिले. खटला अजून चालूच आहे. कंपनीला पुरवठा खात्यानं दंड केला. तेवढे पैसे ती एका सकाळीत कमावते, असं लोक म्हणतात. मऊ बोलणाऱ्या साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. तेलाचा भाव उतरला, पण जिथून चढला होता तिथपर्यंत काही आला नाही, आणि पुढच्या महिन्यात साबण वाढला. लांब्याची नोकरी जबाबानंतर गेली ती गेलीच. घुम्याला भाजी बाजारात माल उतरवण्याचं काम लागलं, पगार आधीपेक्षा कमी. दादा शाळेची गाडी चालवायला लागला. बहिणीकडे तो येतो, पण पूर्वीसारखा हक्कानं नाही. दारात जरा थांबून.

बायकोचं प्लास्टर निघालं, पण मनगटात पूर्वीचा जोर राहिला नाही. कात्री धरली की कळ यायची. शाळेचं नवीन वर्ष तोंडावर आलेलं, गणवेशांचा ढीग पडलेला आणि कापड कापायलाच हात नाही. काम परत पाठवावं लागणार, अशी वेळ आली.

अशाच एका सकाळी दारावर थाप पडली. वहिनी होती. काखेत पिशवी. ती कुणालाही न विचारता आत आली, जमिनीवर बसली, पिशवीतून आपली मोठी कात्री काढली आणि वरचं कापड ओढून पसरलं.

“खुणा करून दे,” ती म्हणाली. “मी कापते.”

बायकोनं खडूनं खुणा केल्या. वहिनीनं कापायला सुरुवात केली. आई स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा चहाच घेऊन आली. घुम्या कामावर निघायला दारात उभा होता, पण त्याचा पाय निघेना.

“एका शर्टाचे काय देतात?” वहिनीनं मान वर न करता विचारलं.

बायकोनं सांगितलं.

कात्री थांबली. “एवढेच? आणि दोरा? दोरा कुणाचा?”

“माझा.”

“दोऱ्याचा भाव कुठं गेलाय, त्याचा पत्ता आहे त्यांना?” वहिनी म्हणाली. “उद्या माल द्यायला दोघी जाऊ. मी बोलते.”

बायकोनं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. वहिनीनं तो घेतला, एक घोट प्याली, आणि पुन्हा कापायला लागली.